वाहते पाणी आणि अडकलेली हवा : रेवदंड्याच्या डोणीपासून घरगुती मत्स्यालयाच्या सम्पापर्यंत – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी अरबी समुद्रास मिळते तेथे रेवदंडा हे गाव वसलेले आहे. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी आणि मधल्या पट्ट्यात विहिरींवर जगणाऱ्या नारळी-पोफळीच्या वाड्या अशी येथील भूरचना असल्याने खाऱ्या व गोड्या अशा दोन्ही पाण्यांशी या गावाचा निकटचा संबंध राहिला आहे. इतिहासकारांनी रेवदंड्याचा विचार मुख्यतः चौलचे बंदर, पोर्तुगिजांचा कोट आणि मराठ्यांची मोहीम या अंगांनी केलेला आहे. पाणी उचलणे, वाहून नेणे व निवळणे या नित्याच्या व्यवहारांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे.

प्रस्तुत निबंधाचा विषय या व्यवहारातील एका लहानशा, परंतु चिवट प्रश्नाशी संबंधित आहे. हा प्रश्न वाहत्या पाण्यात मिसळणाऱ्या हवेचा होय. आज हा प्रश्न घरगुती मत्स्यालय बाळगणाऱ्यांना विशेषत्वाने भेडसावतो. मोठ्या मत्स्यालयात मुख्य काचेच्या टाकीखाली एक दुय्यम टाकी असते व तिला 'सम्प' असे म्हणतात. वरच्या टाकीतून उतू जाणारे पाणी नळीवाटे सम्पात उतरते, तेथे गाळले जाते आणि पंपाच्या साहाय्याने पुन्हा वर चढविले जाते. या फेऱ्यात पाण्याबरोबर हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे ओढले जातात व मुख्य टाकीत धुक्यासारखे पसरतात. पाणी गढूळ भासते आणि जलचर नीट दिसत नाहीत. हवा पंपाच्या शोषक बाजूने शिरत असेल, तर माशांच्या जिवासही धोका संभवतो.

वरवर पाहता हा केवळ छंदिष्टांचा तांत्रिक प्रश्न वाटतो. तथापि बंद नळातून पाणी नेण्याची विद्या जेथे जेथे विकसित झाली, तेथे तेथे हाच प्रश्न उभा राहिला व त्याची उत्तरेही शोधली गेली. महाराष्ट्रात या उत्तरांना बांधीव रूप मिळाले असून त्यांपैकी काही वास्तू आजही उभ्या आहेत.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) रेवदंडा व अष्टागर परिसरातील पारंपरिक पाणीवाटपात हवेचा प्रश्न का उद्भवला नाही, याचा शोध घेणे.
२) निजामशाही व पेशवेकालीन नळयोजनांत हवा वेगळी करण्यासाठी योजलेल्या रचनांचा परामर्श घेणे.
३) मत्स्यालयाच्या इतिहासात बुडबुड्यांकडे पाहण्याच्या दृष्टीत झालेला बदल स्पष्ट करणे.
४) घरगुती मत्स्यालयाच्या सम्पात व नळकामात सूक्ष्म बुडबुडे कमी करण्याच्या उपायांची या ऐतिहासिक रचनांशी तुलना करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

सदर अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केलेला आहे. जुन्या नळयोजनांपासून आधुनिक सम्पापर्यंत ज्ञानाचा अखंड वारसा चालत आला, असे येथे प्रतिपादन करावयाचे नाही. मत्स्यालयाचे तंत्र युरोप-अमेरिकेतून आले व कात्रजचा नळ पुण्याच्या गरजेतून निर्माण झाला. एकाच भौतिक अडचणीला भिन्न काळांत व भिन्न स्थळी मिळालेली उत्तरे एकमेकांशी का जुळतात, एवढाच विचार येथे अभिप्रेत आहे.

१. उघडा पाट : रेवदंडा व अष्टागर

अलिबाग ते रेवदंडा हा किनारपट्टीचा भाग अष्टागर म्हणून ओळखला जातो. येथील वाड्यांचे शिंपणे परंपरेने विहिरींवर अवलंबून होते. विहिरीवर रहाट बसविलेला असे. बैल वा रेडा तो फिरवी, तर लहान विहिरींवर माणसाने पायांनी चालविण्याचा पायरहाट असे. रहाटाच्या चाकावरून सोडलेल्या माळेतील मडकी पाण्यात बुडून भरत, वर येत आणि माथ्यावर उलटी होऊन रिकामी होत. हे पाणी पन्हळीवाटे डोणीत पडे. डोणीतून ते पाटाने वाहत जाऊन माडा-पोफळीच्या आळ्यांपर्यंत पोहोचे.

या साध्या व्यवस्थेत पाण्यात हवा मिसळण्याचे प्रसंग पावलोपावली येत. मडके उलटे होताना, पाणी पन्हळीत आदळताना आणि डोणीत कोसळताना फेस उठे. मात्र हा फेस डोणीच्या पुढे फारसा जात नसे. डोणीचे मुख्य काम पडत्या पाण्याचा जोर मोडणे हे होते. पाणी थेट मातीच्या पाटात पडले असते, तर पाट खणला गेला असता. परंतु जोर मोडताना पाणी क्षणभर स्थिरावे आणि त्या अवधीत हवा वर निघून जाई. पुढे पाट उघडाच असल्याने जी थोडी हवा उरे, तीही वाटेत सुटून जाई.

अष्टागरातील बागायतदारास हवा वेगळी करण्याची स्वतंत्र योजना करावी लागली नाही, याचे कारण येथे सापडते. उघड्या पाटाला वरच्या बाजूस आकाशाशी भिडलेला मोकळा पृष्ठभाग असतो व हवेला बाहेर पडण्यास प्रत्येक ठिकाणी वाट असते. पाण्यावर छत आल्याखेरीज हवेचा प्रश्न निर्माण होत नाही. ज्या नगरांना दूरच्या तलावाचे वा विहिरीचे पाणी बंद नळातून आणावे लागले, तेथेच तो उद्भवला.

२. बंद नळ : निजामशाहीतील नगरे

रेवदंड्याचा इतिहास अशा एका नगराशी जोडलेला आहे. सोळाव्या शतकात चौलचे दोन भाग होते. खाडीच्या मुखाशी असलेले रेवदंडा, म्हणजे खालचे चौल, पोर्तुगिजांच्या ताब्यात होते, तर वरचे चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे होते. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने रेवदंड्यास दीर्घकाळ वेढा घातला, परंतु कोट पडला नाही. ज्या राजसत्तेचे सैन्य त्या वेळी या समुद्रकिनारी तळ देऊन होते, त्याच सत्तेने घाटावरच्या आपल्या कोरड्या राजधानीत पाण्याची निराळीच विद्या विकसित केली होती.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) हे शहर १४९० साली वसविले गेले. नगरभोवतीच्या उंच भूभागातील विहिरींचे पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून, म्हणजे खापरी नळांतून, वस्तीत व बागांत आणले जाई. या योजनांना नहर अशी संज्ञा होती. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० च्या सुमारास खडकी हे गाव वसविले व त्यास पाणी पुरविण्यासाठी नहर-ए-अंबरी बांधली. खडकीचे पुढे औरंगाबाद आणि अलीकडे छत्रपती संभाजीनगर असे नामांतर झाले. अठराव्या शतकात याच शहरातील पाणचक्कीसाठीही मातीच्या नळांनी दुरून पाणी आणण्यात आले.

खापरी नळ जमिनीच्या चढउतारांप्रमाणे जातो. जेथे तो उंचवट्यावरून जातो, तेथे पाण्याबरोबर आलेली हवा साचते. हळूहळू तिचा एक गोळा तयार होतो व तो नळाचा अर्धाअधिक भाग व्यापून टाकतो. पाणी त्याखालून चिंचोळ्या वाटेने वाहू लागते व प्रसंगी थांबतेही. मातीच्या नळाची सहनशक्ती मर्यादित असल्याने अडकलेल्या हवेचा दाब एकाएकी बदलला की सांधे फुटण्याची भीती असे. यावर उपाय म्हणून मार्गावर ठराविक ठिकाणी चुनेगच्ची मनोरे उभारले जात. नळातील पाणी मनोऱ्यात चढून माथ्यावरच्या लहानशा उघड्या कुंडात येई, तेथे हवा सुटे आणि पाणी दुसऱ्या नळाने खाली उतरून पुढे जाई. पाण्याला क्षणभर उजेडात आणून परत अंधारात सोडणे, असे या रचनेचे वर्णन करता येईल.

ही युक्ती केवळ दख्खनची नव्हती. इस्तंबूल शहराच्या पाणीपुरवठ्यात याच प्रकारचे मनोरे होते. त्याही पूर्वी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या आठव्या भागात नळात कोंडलेल्या हवेच्या जोराविषयी सावधगिरीची सूचना केलेली आहे. अर्थात ज्ञान एकमेकांकडून आले असो वा स्वतंत्रपणे सुचले असो, नळ बंद केल्यावर हवेला वाट द्यावीच लागते, हा अनुभव सर्वत्र समान होता.

३. कात्रजचा नळ आणि उच्छ्वास

सन १७४० हे वर्ष रेवदंड्याच्या दृष्टीने निर्णायक ठरले. वसईच्या मोहिमेनंतर झालेल्या तहान्वये चौल-रेवदंडा पोर्तुगिजांकडून मराठ्यांकडे आले. याच वर्षी बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवेपदावर आले. वाढत्या पुण्याची तहान हा त्यांच्यासमोरील एक प्रश्न होता. त्यांच्या कारकिर्दीत, सुमारे १७५० पासून, कात्रज येथे तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या दगडी नळाने शनिवारवाड्यापर्यंत व शहरातील हौदांपर्यंत आणण्याचे काम झाले.

कात्रजचा नळ हा खापरी नळापेक्षा वेगळा आहे. तो माणसास आत उतरून साफसफाई करता येईल असा बांधीव भुयारी मार्ग असून त्यातून पाणी केवळ उताराच्या बळावर वाहत असे. या मार्गावर ठराविक अंतराने जमिनीच्या वर डोके काढणारी विहिरीसारखी बांधकामे केलेली आहेत. त्यांना 'उच्छ्वास' असे नाव आहे.

उच्छ्वासाची कार्ये तीन होती. वाहत्या पाण्याबरोबर आलेली हवा येथे वर सुटे. पाण्याचा वेग येथे मंदावल्याने गाळ तळाशी बसे. आणि साफसफाईसाठी माणसास आत उतरण्याची वाटही येथूनच असे. यांपैकी पहिली दोन कार्ये परस्परविरोधी दिशांनी होतात. गाळ खाली जातो व हवा वर जाते. तथापि दोन्हींना लागणारी अट एकच आहे व ती म्हणजे पाण्याची संथ गती. वेग मोडला की जड पदार्थ खाली व हलका पदार्थ वर असा निवाडा पाणी आपोआप करते.

या रचनेला दिलेले नावही लक्षणीय आहे. बांधणाऱ्यांनी नळाची कल्पना श्वास घेणाऱ्या देहाप्रमाणे केली. अभियांत्रिकीच्या आजच्या परिभाषेत ज्यास हवा-झडप म्हणतात, त्याचे कार्य अठराव्या शतकातील मराठी भाषेने एका शब्दात नेमके सांगितले होते.

४. बुडबुड्याचे गणित

संथ गती म्हणजे नेमकी किती संथ, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात मिळाले. १८५१ साली जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स या शास्त्रज्ञाने द्रवातून मंद गतीने जाणाऱ्या लहान गोलावर होणाऱ्या विरोधाचा नियम मांडला. त्यानुसार सूक्ष्म बुडबुड्याचा वर चढण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास निम्मा झाला की वेग चौथाई होतो. ०.१ मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा पाण्यात सेकंदाला सुमारे ५ मिलिमीटर चढतो, तर ०.०५ मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला जेमतेम दीड मिलिमीटर. म्हणून मोठे बुडबुडे पाहता पाहता फुटून जातात आणि सूक्ष्म बुडबुडे दीर्घकाळ रेंगाळतात.

याचा साधा प्रत्यय घरोघरी येतो. खंडित झालेला नळपुरवठा सुरू होताना आधी हवेचा फुत्कार येतो व नंतर दुधासारखे पांढरे पाणी येते. ते पेल्यात भरून ठेवल्यास तळाकडून वरवर निवळत जाते. गढूळ पाणी मात्र वरून खाली निवळते. या उलट क्रमावरून पांढरेपणाचे कारण माती नसून हवा आहे, हे ओळखता येते.

समुद्राच्या पाण्याची गोष्ट अधिक अवघड आहे. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे भेटले की सहज एक होतात, मोठे होतात आणि लवकर वर जातात. खाऱ्या पाण्यातील क्षार या एकत्र येण्यास प्रतिबंध करतात. त्यामुळे खाऱ्या पाण्यात बुडबुडे लहानच राहतात व संख्येने अधिक असतात. रेवदंड्याच्या किनाऱ्यावर लाट फुटल्यानंतर पाण्याच्या पोटात पांढरा ढग क्षणभर तरंगताना दिसतो, त्याचे हे एक कारण आहे. सागरी मत्स्यालय ठेवणाऱ्यास गोड्या पाण्याचे मत्स्यालय ठेवणाऱ्यापेक्षा हा त्रास अधिक का होतो, याचे उत्तरही येथेच आहे.

५. मत्स्यालयाचा इतिहास : हवासा बुडबुडा व नकोसा बुडबुडा

मत्स्यालयाच्या आरंभकाळात बुडबुडा नकोसा नव्हता. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले आणि पुढील वर्षी फिलिप हेन्री गॉस याच्या ग्रंथामुळे हा छंद घराघरांत पोहोचला. त्या काळी खरी अडचण पाण्यात प्राणवायू टिकविण्याची होती. विल्यम आल्फर्ड लॉइड याने हँबुर्ग येथे व नंतर १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेस येथे जी योजना केली, तीत प्रदर्शनाच्या टाक्यांहून कितीतरी मोठा अंधारा साठवण-हौद खालच्या बाजूस ठेवून पाणी सतत फिरविले जाई. आजच्या सम्पाचे पूर्वरूप या हौदात दिसते. मात्र लॉइडच्या टाक्यांत पाण्याची धार जोराने सोडून बुडबुडे मुद्दाम मिसळले जात.

बुडबुड्याची दुसरी बाजू विसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आली. अमेरिकेतील वुड्स होल येथील मत्स्यकेंद्रात मासे मरू लागले. त्यांच्या पंखांत व डोळ्यांत वायूचे फुगे आढळत. मार्श व गोरहॅम या अभ्यासकांनी १९०५ साली या विकाराचे विवेचन प्रसिद्ध केले. पंपाच्या शोषक नळीतील गळतीतून हवा आत ओढली जात होती व पंपाच्या दाबाखाली ती पाण्यात प्रमाणाबाहेर विरघळत होती, हे त्याचे कारण होते. १८०३ साली विल्यम हेन्रीने मांडलेल्या नियमाप्रमाणे दाब वाढला की पाण्यात अधिक वायू विरघळतो. दाब कमी होताच तो बाहेर पडू पाहतो आणि माशाच्या रक्तातच फुगे धरतो. पृष्ठभागावर फुटून जाणारा बुडबुडा बहुधा निरुपद्रवी असतो, परंतु पंपाने दाबून विरघळविलेली हवा प्राणघातक ठरू शकते. हा भेद घरगुती मत्स्यालयातही लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.

भारतात १९०९ साली मद्रास येथे सागरी मत्स्यालय सुरू झाले. मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना समुद्रातील मासे काचेपलीकडून प्रथम दाखविले. घरगुती सागरी मत्स्यालय व त्याखालील सम्प ही मात्र त्यानंतरच्या दशकांत रुळलेली गोष्ट होय.

६. घरगुती सम्प : कारणे व उपाय

सम्प व त्याच्या नळकामातील हवेचे उगम पुढीलप्रमाणे सांगता येतात.

(अ) उतरती नळी : मुख्य टाकीतून उतू जाणारे पाणी नळीत शिरताना भोवरा करते व हवा गिळते. नळीचे मुख पाण्याच्या पातळीखाली राहील अशी कोपराची जोडणी करून वरच्या टोकास हवेसाठी लहान छिद्र ठेवल्यास गुरगुर व हवा दोन्ही कमी होतात. छंदिष्टांमध्ये डर्सो या नावाने ओळखली जाणारी उभी नळी याच तत्त्वावर चालते. नळीवर झडप बसवून ती पूर्ण पाण्याने भरलेली ठेवल्यास हवा जवळजवळ शिरत नाही. मात्र अशा वेळी झडपेत काही अडकल्यास टाकी उतू जाण्याचा धोका असल्याने दुसरी मोकळी नळी राखीव ठेवणे आवश्यक ठरते.

(आ) नळीचे खालचे टोक : नळीचे पाणी उंचावरून सम्पात पडल्यास रहाटाच्या पाण्याप्रमाणे फेस उठतो. टोक पाण्याखाली दोन ते पाच सेंटिमीटर बुडविल्यास हा फेस कमी होतो. ते फार खोल बुडविल्यास नळीतील हवेला बाहेर पडणे जड जाते व पाणी धक्क्याधक्क्याने उतरते.

(इ) प्रोटीन स्किमर : हे उपकरण सूक्ष्म बुडबुड्यांच्या साहाय्यानेच पाण्यातील सेंद्रिय मळ काढते. त्याचे बाहेर पडणारे पाणी परतीच्या पंपापासून शक्य तितके दूर, पहिल्या कप्प्यात सोडावे लागते.

(ई) परतीच्या पंपाचा कप्पा : बाष्पीभवनाने घटणारे पाणी सम्पात बहुधा याच कप्प्यात कमी होते. पातळी खाली गेली की पंपाच्या तोंडाशी भोवरा होतो व हवा ओढली जाते. उन्हाळ्यात ही शक्यता वाढते. पातळी नियमितपणे गोड्या, शुद्ध पाण्याने पूर्ववत करणे हा त्यावरचा उपाय होय. पंप सम्पाबाहेर बसविलेला असल्यास शोषक बाजूचे सांधे तपासणे सर्वांत महत्त्वाचे असते, कारण या सांध्यांतून पाणी बाहेर गळत नाही, तर हवा आत जाते. त्यामुळे दोष डोळ्यांना दिसत नाही.

(उ) सम्पातील आडभिंती : पहिल्या व शेवटच्या कप्प्यांदरम्यान तीन काचा अशा बसवितात की पाणी पहिलीवरून, दुसरीखालून व तिसरीवरून जावे. ही रचना सर्वत्र सुचविली जाते, तरी तिचे गणित क्वचितच मांडले जाते.

समजा, सम्पाची रुंदी ३० सेंटिमीटर व पाण्याची खोली २५ सेंटिमीटर आहे आणि पंप ताशी २,००० लिटर पाणी फिरवितो. अशा वेळी पाणी सम्पातून सेकंदाला सुमारे ०.७४ सेंटिमीटर वेगाने पुढे सरकते. तळाशी असलेल्या ०.१ मिलिमीटरच्या बुडबुड्यास पृष्ठभाग गाठण्यास सुमारे ४६ सेकंद लागतील व तेवढ्या वेळात पाणी सुमारे ३४ सेंटिमीटर पुढे जाईल. एवढी मोकळी लांबी सम्पात मिळू शकते. ०.०५ मिलिमीटरच्या बुडबुड्यास मात्र याच हिशेबाने सुमारे १३५ सेंटिमीटर लांबी लागेल, जी घरगुती सम्पात सहसा नसते.

आता दोन काचांमधील फट केवळ अडीच सेंटिमीटर ठेवल्यास त्या फटीतून पाणी सेकंदाला सुमारे ७.४ सेंटिमीटर वेगाने खाली जाते. ०.१ मिलिमीटरच्या बुडबुड्याच्या चढण्याच्या वेगाच्या हा सुमारे चौदापट आहे. असा बुडबुडा त्या फटीत वर चढूच शकत नाही, तो पाण्याबरोबर खाली ओढला जातो. फट साडेसात सेंटिमीटर केल्यास वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो. तात्पर्य, काचांची संख्या वाढविण्यापेक्षा फट रुंद करणे, पंपाचा वेग घटविणे वा सम्प मोठा घेणे अधिक फलदायी ठरते. काचेचा खरा उपयोग पाण्याला पृष्ठभागाजवळ आणण्यात आहे. फटीपुढे पाण्यास विसावण्यास जागा नसेल, तर तो उपयोग वाया जातो. अतिसूक्ष्म बुडबुड्यांसाठी स्पंज वा सच्छिद्र माध्यमाचा पडदा साहाय्यक ठरतो. त्यावर बुडबुडे चिकटतात, जुळून मोठे होतात व सुटून वर जातात. मात्र हा पडदा वेळोवेळी धुवावा लागतो.

(ऊ) परतीची नळी : पंपापासून वर जाणाऱ्या नळीत उंचवटा राहिल्यास तेथे खापरी नळाप्रमाणेच हवा साचते व थोडी थोडी सुटून टाकीत येत राहते. नळी सतत चढती ठेवणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

नव्याने भरलेल्या टाकीत काही दिवस काचेवर व नळीत हवा चिकटून राहते. त्या काळात दिसणाऱ्या बुडबुड्यांवरून रचनेत दोष आहे असा निष्कर्ष घाईने काढू नये. काही दिवसांनंतरही ते टिकून राहिल्यास वरील क्रमाने एकेक उगम तपासावा.

७. चर्चा

वरील विवेचनावरून असे दिसते की डोण, मनोरा, उच्छ्वास व सम्प या चारही रचनांत हवेशी झुंज घेतलेली नाही. प्रत्येकीत पाण्याचा वेग मोडलेला आहे, त्याला मोकळ्या पृष्ठभागाशी नेलेले आहे आणि हवेला निघून जाण्यास वेळ दिलेला आहे. फरक आहे तो जागेच्या मोजमापाचा. डोणीला जागेची टंचाई नव्हती, उच्छ्वासाला ती शहराबाहेर सहज मिळाली आणि सम्पाला मात्र कपाटाच्या पोटात मावावे लागते. आधुनिक छंदिष्ट जोरकस पंप घेतो, लहान सम्प बसवितो आणि गमावलेला वेळ उपकरणांनी भरून काढू पाहतो. त्याच्या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा याच तडजोडीत असते.

ही तुलना केवळ कुतूहलाची बाब नाही. पुणे शहराच्या वाढीत कात्रज मार्गावरील अनेक उच्छ्वास रस्त्यांखाली व इमारतींखाली गेले. संभाजीनगरातील नहरींचेही खोदकामात नुकसान झाले आहे. अशा वास्तू मंदिर वा वाड्याप्रमाणे आपले महत्त्व स्वतः सांगत नाहीत. उच्छ्वास दिसावयास एखाद्या बेवारस चौथऱ्यासारखा असतो. त्याचे कार्य ज्याला ठाऊक नाही, त्याला तो पाडण्यात काही गैर वाटत नाही. अष्टागरातील रहाट व डोणी विद्युत-पंप आल्यावर निकामी झाल्या व त्यांच्या खुणा वाड्यांच्या आडोशाला उरल्या आहेत. वस्तूबरोबर शब्द जातो व शब्दाबरोबर त्यात साठविलेली समजही जाते. ज्या समाजाकडे 'उच्छ्वास' हा शब्द होता, त्याच्या नातवंडांना नळात हवा का अडकते हे नव्याने शिकावे लागते, ही हानी मोजता येण्याजोगी नसली तरी खरी आहे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीनेही याचा विचार व्हावा. इतिहास विभागाने उच्छ्वासाची नोंद करावी, भौतिकशास्त्र विभागाने स्टोक्सचा नियम शिकविताना त्याचा दाखला द्यावा आणि प्राणिशास्त्र विभागाने आपल्या प्रयोगशाळेतील मत्स्यालयाच्या सम्पात तो पडताळून पाहावा, असा हा आंतरविद्याशाखीय विषय आहे. त्यासाठी लागणारी साधने बहुतेक महाविद्यालयांत उपलब्ध आहेत.

निष्कर्ष

१) उघड्या पाटाच्या व्यवस्थेत हवा आपोआप सुटत असल्याने रेवदंडा व अष्टागरातील पारंपरिक सिंचनात हवा वेगळी करण्याची स्वतंत्र रचना आढळत नाही. डोणीने ते कार्य अनुषंगाने केले.
२) बंद नळांच्या योजनांत हवेचा प्रश्न अपरिहार्य ठरला व निजामशाहीतील मनोरे आणि पेशवेकालीन उच्छ्वास ही त्याची विचारपूर्वक दिलेली उत्तरे होती.
३) मत्स्यालयाच्या इतिहासात बुडबुडा प्रथम प्राणवायूचा वाहक म्हणून स्वागतार्ह होता. पंप व बंद नळकाम वाढल्यावर त्याची घातक बाजू पुढे आली.
४) घरगुती सम्पात सूक्ष्म बुडबुडे कमी करण्यासाठी हवेचा शिरकाव थांबविणे, पाण्याचा वेग मोडणे व मोकळा पृष्ठभाग देणे या क्रमाने प्रयत्न करणे हितावह आहे. अरुंद फटींच्या आडभिंती या उद्देशास बाधक ठरू शकतात.
५) उच्छ्वास, मनोरे, रहाट व डोणी यांची स्थाननिहाय नोंद स्थानिक महाविद्यालयांनी हाती घेणे निकडीचे आहे. किनारपट्टीवरील डोणींच्या नोंदीचा प्रारंभ रेवदंडा-चौल परिसरातील वाड्यांपासून करता येईल.